पहिल्या महिला स्पर्धेत डी४ खेळायचं ठरवलंय? मग हे वाचून जा

महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीतला पहिला डाव पटावर मांडून बघा. ठिकाण जॉर्जियातलं बातुमी, तारीख २६ जुलै २०२५. पांढरी मोहरी नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, काळी कोनेरू हम्पीकडे. दिव्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, म्हणजे डी४. हम्पीनं डी५ केलं. दिव्यानं सी४ पुढे केलं आणि हम्पीनं ते खाऊन टाकलं. सी४चं प्यादं देऊ करणाऱ्या या सुरुवातीला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात; दोन चालींत तो समोर आला आणि स्वीकारलाही गेला. तो डाव बरोबरीत सुटला, दुसराही सुटला, आणि २८ तारखेच्या जलद डावांत १९ वर्षांची दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली. एकूण अडीच-दीड.

हा लेख त्या पातळीच्या कुणासाठी नाही. कुठलं मोहरं कसं चालतं ते येतं, घरात किंवा मोबाइलवर भरपूर डाव झालेत, पण खऱ्या स्पर्धेत घड्याळ लावून कधी बसलेली नाही अशी शाळकरी मुलगी, कॉलेजातली मुलगी किंवा चाळिशीतली बाई, तिच्यासाठी आहे. मुलीला घेऊन जाणाऱ्या आईबाबांनीही वाचायला हरकत नाही. डी४ खेळायला दहा बचाव पाठ असावे लागतात असा एक समज आहे. तो मला पटत नाही. पहिल्या स्पर्धेपुरतं एकच भांडण नीट समजलं तर भागतं: डी५ आणि ई४ ही दोन घरं कुणाच्या ताब्यात जाणार. बाकीच्या चाली त्याच्या मागे येतात.

पायरी १. नाव नोंदवणं

रेटिंगची, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरवणारी स्पर्धा असेल तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा आयडी लागतो. दोन्ही कामं ऑनलाइन होतात, पण शेवटच्या दिवशी करायला बसू नका, कारण आयडी हातात यायला वेळ लागू शकतो. ज्या जिल्हा स्पर्धांना रेटिंग नसतं, तिथे बहुधा जिल्हा संघटनेचा अर्ज पुरतो. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. डावाची वेळ किती, उशिरा पोचलं तर किती मिनिटांत डाव जातो, बाय, म्हणजे एखादी फेरी न खेळायची सवलत, कोणत्या फेरीपर्यंत मागता येतो, फक्त महिलांची स्पर्धा आहे की खुल्या स्पर्धेत महिलांना वेगळी बक्षिसं आहेत, हे सगळं त्यात असतं. पेअरिंग, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी ही यादी, बहुतेक ठिकाणी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागतं, आणि हॉलच्या दाराशी कागदावरही.

महिलांची स्पर्धा घ्यावी की खुली? पहिली महिलांची घ्या, मग दोन्ही घ्या. महिलांच्या स्पर्धेला मोठी परंपरा आहे. पहिली महिला विश्वविजेती वेरा मेनचिक १९२७ साली लंडनमध्ये ठरली, तिनं ११ पैकी साडेदहा गुण केले होते. आपल्याकडे राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली, पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर, आणि त्यानंतर जयश्री आणि रोहिणी या तिच्या बहिणींनीही ते विजेतेपद घरात आणलं. पण मेनचिक पुरुषांच्या स्पर्धाही खेळायची, हम्पी आणि दिव्याही खुल्या स्पर्धा खेळतात. जिथे जास्त कठीण डाव मिळतील तिथे जायचं. महिलांचे किताबही माहीत असू द्या: रेटिंग २००० ला महिला कँडिडेट मास्टर, २१०० ला महिला फिडे मास्टर. त्यापुढच्या महिला इंटरनॅशनल मास्टर आणि महिला ग्रँडमास्टर या किताबांना २२०० आणि २३०० रेटिंगबरोबर नॉर्मही लागतात, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतली ठरावीक कामगिरी. दिव्याकडे बातुमीला जाताना ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे तिला तो किताब थेट मिळाला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

पायरी २. चाली लिहायची सवय

नवख्या खेळाडूचा पहिल्या स्पर्धेतला अर्धा गोंधळ चाली लिहिण्यात होतो. ही गोष्ट घरी सुधारता येते, म्हणून आधी हीच करा. मोबाइलवर खेळण्याऐवजी खरा पट मांडा, शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक चाल खेळल्यावर लिहा. आधी चाल, मग लिहिणं. आधी लिहून मग खेळायला नियमाची परवानगी नाही, बरोबरीचा दावा करायचा असेल तेवढा अपवाद.

पटाचे उभे पट्टे ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. पांढरीच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यातलं काळं घर ए१. प्याद्याची चाल लिहिताना फक्त घराचं नाव लिहितात: डी४. बाकी मोहऱ्यांचं इंग्रजी आद्याक्षर आधी येतं. घोड्याला एन, कारण के राजानं घेतलेला असतो. मोहरं खाल्लं तर मध्ये x, आणि चालीच्या आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर ती काळीची चाल. फिडेचा नियम आपापल्या देशात रूढ असलेलं अक्षर वापरायची मुभा देतो, त्यामुळे कुणी घो किंवा उं लिहिलं तर पंच हरकत घेऊ शकत नाही. तरी इंग्रजी अक्षरंच शिका. समोरचीची शीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, बघून आपली राहिलेली चाल भरून घ्यायला तीच उपयोगी पडतात. एकाच घरावर दोन घोडे किंवा दोन हत्ती जाऊ शकत असतील तर कोणत्या पट्ट्यातला गेला तेही लिहायचं. नवख्या हमखास विसरतात ते हेच.

दर चालीमागे ३० सेकंद वाढीव मिळत असतील तर शेवटच्या मिनिटातही लिहावंच लागतं. वाढीव वेळ नसेल किंवा कमी असेल, तर घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरल्यावर लिहिणं थांबवता येतं.

पायरी ३. डी४ आणि सी४ कशासाठी

डी४चं प्यादं पुढे आल्याबरोबर त्याच्या मागे वजीर उभा असतो. ई४ ला असा आधार आपोआप मिळत नाही, म्हणून डी४ चे डाव थोडे सावकाश तापतात. काळीनं डी५ केलं की तिचं प्यादं ई४ हे घर धरून बसतं. आपल्याला ई४ पाहिजे असतं, कारण तिथे दुसरं प्यादं आलं की मधली सगळी जागा आपली. समोरून डी५ ला धक्का देता येत नाही, प्यादी एकमेकांसमोर अडकलेली असतात. म्हणून बाजूनं जायचं, सी४. डी५ वरचं प्यादं हललं तर ई४ मोकळं होतं, नाही हललं तर त्याच्यावर दाब वाढवत जायचा. घोडा सी३, उंट जी५, पुढे वजीर बी३, हे सगळे डी५ कडेच बघतात.

सी४ खाल्लं तर प्यादं गेलं का? नाही. ते परत मिळतं. काळीनं २… डीxसी४ केलं तर साधं उत्तर ३. ई३. आता राजाकडच्या उंटाची वाट मोकळी झाली, पुढच्या चालीला सी४ परत. काळीनं इथे ३… ई५ केलं तर घाई करून डीxई५ करू नका, वजिराची अदलाबदल होईल आणि राजाला स्वतः डी१वर येऊन वजीर घ्यावा लागेल, मग कॅसलिंग गेलं. शांतपणे ४. उंट xसी४ करा. तिनं डी४ घेतलं तर ई३च्या प्याद्यानं परत घ्या. डी४वर एकटं प्यादं उरतं, त्याबद्दल पुढे बोलू.

आता एक फसगत जवळून बघून घ्या, कारण पहिल्या स्पर्धेत ती होतेच. सी४चं प्यादं खाल्लेली मुलगी ते राखायला जाते. ३. ई३ बी५. तुम्ही ४. ए४. ती ४… सी६ करते, बी५ला आधार. ५. एxबी५ सीxबी५. आता ६. वजीर एफ३. पट नीट बघा: एफ३पासून ई४, डी५, सी६, बी७, ए८. एकही मोहरं वाटेत नाही आणि टोकाला हत्ती. घोडा सी६ वर आणून आडवा घातला तर वजीर तो शह देऊन खातो, उंट बी७ वर आणला तर तोही जातो. काही तरी मोठं मोहरं जाणार हे नक्की. ही मालिका पाठ करू नका, फक्त लक्षात ठेवा की सी४ राखायला गेलेल्या काळीवर ए४ नं हल्ला करायचा.

पायरी ४. काळीची चार उत्तरं, एवढीच

ई६. हा क्वीन्स गॅम्बिटचा नकार, आणि तुमच्या पातळीवर सगळ्यात जास्त वेळा भेटणारा. काळीचा सी८ वरचा उंट ई६च्या मागे कोंडला जातो आणि तेच तिचं डावभराचं दुखणं. तुमचा सी१ वरचा उंट तसा कोंडू देऊ नका: आधी तो जी५ किंवा एफ४ वर बाहेर काढा, मग ई३ करा. क्रम उलटा झाला की स्वतःच्या हातानं दार लावून घेतलंत.

सी६. स्लाव. इथे सी८चा उंट मोकळा राहतो आणि सी४ खाल्लं तर बी५ नं ते खरंच टिकतं, कारण सी६चा आधार आहे. म्हणून ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ डीxसी४ यावर लगेच ५. ए४. बी५ बंद झालं. मग ई३ आणि उंट xसी४. इथे सी१चा उंट थोडा वेळ आत राहतो, चालेल. आधी सांगितलेला नियम ई६ च्या बचावासाठी होता, सगळीकडे लावायचा नाही.

घोडा एफ६ आणि जी६. किंग्ज इंडियन. काळी मध्य तुम्हाला देऊन टाकते आणि नंतर ई५ किंवा सी५ नं त्याच्यावर येते. घोडा सी३, ई४, घोडा एफ३, उंट ई२, कॅसलिंग, झालं. तिनं कॅसलिंग करून ई५ केलं की एक मोह होतो: ई५ घेऊ, वजीर बदलू, मग घोड्यानं ई५वरचं प्यादं उचलू. उचलू नका. तिचा घोडा तुमचं ई४चं प्यादं खातो, आणि तुम्ही तो घोडा घेतलात की जी७चा उंट तुमचा ई५चा घोडा घेतो. फुकट काही मिळत नाही आणि तिचा उंट मध्यावर येऊन बसतो. त्यापेक्षा कॅसलिंग करा.

घोडा एफ६ आणि ई६. इथे ३. घोडा सी३ केलं की उंट बी४वर येऊन घोड्याला बांधतो, म्हणजे मागे राजा असल्यानं घोडा हलवता येत नाही. निम्झो-इंडियन नावाचा हा बचाव मोठ्यामोठ्यांना आवडतो. पहिल्या स्पर्धेत त्याच्या वाटेला जायची गरज नाही. ३. घोडा एफ३ करा. उंट बी४ शह आला तर उंट डी२. डी५ आलं तर नेहमीच्या नकाराच्या रस्त्याला परत.

बाकी काही आलं तर मोहरी बाहेर काढा, कॅसलिंग करा. एकच अपवाद: १. डी४ डी५ २. सी४ ई५. ई५ घ्या, ती डी४ पुढे ढकलेल. इथे ई३ करू नका, त्यात एक जुना सापळा दडलाय, ज्यात काळीचं प्यादं शेवटी वजीर न होता घोडा होऊन शह देतं. घोडा एफ३ करा आणि निश्चिंत राहा.

आता लंडन पद्धतीबद्दल, म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, सी३. वर्गांमध्ये सध्या हीच शिकवतात, कारण समोरची काहीही करो, आपल्या चाली त्याच. पहिले दोन-तीन डाव वाचवायला ती चांगली. पण तिच्यावरच राहिलात तर सी४ चं भांडण कधी शिकणारच नाही, आणि काळीनं सी५ करून वजीर बी६ वर आणला की बी२चं प्यादं उघडं पडलेलं दिसतं, तेव्हा काय करायचं ते सुचत नाही. मी सी४च खेळायला सांगेन.

पायरी ५. हत्तीचा सापळा

नावात हत्ती असला तरी यात हत्तीचं काही काम नाही. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ घोडा बीडी७ ५. सीxडी५ ईxडी५. आता तुमचा हात डी५ कडे जातो. काळीचा एफ६चा घोडा जी५च्या उंटानं बांधलेला आहे, तो हलला तर वजीर जाईल, मग डी५ फुकट. ६. घोडा xडी५. आणि काळी घोडा xडी५ करते. तुम्ही खुशीत ७. उंट xडी८, वजीर घेतला. मग येतो ७… उंट बी४ शह. राजाला जायला एकही घर नाही, ई२वर आपलंच प्यादं, डी२ उंटाच्या माऱ्यात. आडवं घालायला फक्त वजीर डी२. उंट वजीर घेतो, राजा उंट घेतो, काळीचा राजा डी८ वरचा उंट घेतो. हिशोब करा: दोन्ही वजीर गेले, तुमच्या हातात एक प्यादं जास्त, तिच्याकडे एक घोडा जास्त. डाव हरल्यात जमा.

६. ई३ केलं असतं तर? मग ई२ रिकामं झालं असतं, उंट बी४ शहवर राजा ई२ ला गेला असता आणि वजीर खरोखर फुकट मिळाला असता. म्हणून ई३ नंतर डी५ वरचं संकट खरं होतं आणि काळीला सी६ किंवा उंट ई७ करून ते निवारावं लागतं. एका प्याद्याच्या एका घरानं सगळं कसं उलटतं ते पटावर दोन्ही बाजूंनी मांडून बघा. काळी घेऊन खेळताना हा सापळा तुम्हालाही लावता येतो.

पायरी ६. मोहरी बाहेर आली, पुढे काय

डी४ च्या खेळाडू इथे अडकतात. दहा चाली छान होतात, मग योजना संपते. त्यासाठी प्याद्यांचा एक आकार ओळखायला शिका. सीxडी५ ईxडी५ झालं की तुमच्याकडे वजिराच्या बाजूला ए आणि बी ही दोन प्यादी उरतात, काळीकडे ए, बी, सी ही तीन. तुमचा सी पट्टा अर्धा उघडा, म्हणजे त्यावर तुमचं प्यादं नाही. या आकारात दोन प्याद्यांनी तिघांवर चालून जायचं असतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण चालतं.

साधारण चित्र असं: घोडा सी३ आणि एफ३, उंट जी५ आणि डी३, वजीर सी२, प्यादं ई३, राजा कॅसलिंग करून बसलेला. काळीकडे उंट ई७, घोडा डी७ आणि एफ६, प्यादं सी६, हत्ती ई८. आता ए१चा हत्ती बी१ वर. काळी बहुधा ए५ करते, बी४ थोपवायला. ए३ करा, मग बी४. ए पट्ट्यावर अदलाबदल होईल, होऊ द्या. मग बी५. काळीला आता सगळ्या वाटा वाईट आहेत. तिनं सी६नं बी५ घेतलं तर डी५ एकटं पडतं. तिनं काही न करता तुम्हाला सी६ घेऊ दिलं आणि बी७नं परत घेतलं, तर सी६ मागे राहिलेलं प्यादं होतं, त्याच्यामागे दुसरं प्यादं नाही, आणि समोर तुमचा सी पट्टा. दोन्ही हत्ती सी पट्ट्यावर, घोडा ए४ किंवा ई५ वर. उरलेला सगळा डाव तिला सी६ राखत बसावं लागतं.

तिच्याकडेही योजना असते, हे विसरलात तर राजावर येईल. ती घोडा ई४ वर रोवते, दुसरा घोडा एफ८ वरून जी६ ला फिरवते आणि तुमच्या राजाकडे बघते. प्रत्येक बी-प्याद्याच्या चालीआधी एकदा ई४ आणि एच२ कडे नजर टाका. एफ३चा घोडा विनाकारण हलवू नका, राजाची राखण तोच करतो.

दुसरा आकार म्हणजे डी४ वर एकटं प्यादं. स्वीकारलेल्या गॅम्बिटमध्ये तो बऱ्याचदा येतो. तिथे मोहरी बदलू नका, कमी मोहऱ्यांत ते प्यादं ओझं होतं. ई५वर घोडा आणा, हत्ती ई पट्ट्यावर, आणि संधी मिळाली की डी५.

पायरी ७. घड्याळ, हात आणि पंच

बातुमीच्या लांब डावांत पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं, मग आणखी ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव होती. टायब्रेकचे, म्हणजे बरोबरी फोडायचे पहिले डाव १५ मिनिटांचे, १० सेकंद वाढीव. तुमची स्पर्धा बहुधा याहून छोट्या वेळेची असेल. सुरुवातीच्या दहा चालींत एकूण वेळेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालवू नका. सी४ घ्यायचं की नाही यावर विचार घरी करायचा असतो. वेळ राखून ठेवा ती बी४–बी५ च्या क्षणासाठी.

ज्या हातानं मोहरं हलवलं त्याच हातानं घड्याळ दाबायचं. मोहऱ्याला हात लागला की ते चालवावंच लागतं. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी 'अॅडजस्ट' म्हणा, आणि तेही आपली पाळी असताना. कॅसलिंगला आधी राजाला हात, मग हत्तीला, दोन्ही एकाच हातानं. आधी हत्तीला हात लावला तर हत्तीच चालवावा लागेल आणि त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला होणार नाही. घरी सगळ्या मुली दोन्ही हातांनी एकदम करतात, तिथे मात्र समोरची हात वर करेल.

प्यादं आठव्या घरात पोचलं आणि जवळ वजीर नसेल तर हत्ती उलटा ठेवून 'वजीर' म्हणू नका. नियमानं तो हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा, वजीर मागा. त्यासाठी घड्याळ थांबवायला पूर्ण मुभा आहे.

समोरचीनं नियमबाह्य चाल केली, म्हणजे शह असताना दुसरंच मोहरं हलवून घड्याळ दाबलं, तर भांडू नका. घड्याळ थांबवून हात वर करा. पहिल्या वेळी तुम्हाला दोन मिनिटं जास्त मिळतात, लांब डावात दुसऱ्या वेळी तिचा डाव जातो. तुमच्याकडून झालं तर तुम्हालाही तेच. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ हॉलबाहेर ठेवा किंवा आयोजक सांगतील तिथे बंद करून जमा करा. पिशवीतल्या पिशवीत वाजला तरी डाव जाऊ शकतो.

बरोबरीचा प्रस्ताव देताना क्रम पाळा: चाल करा, 'ड्रॉ?' विचारा, मग घड्याळ दाबा. शीटवर कंसात बरोबरचं चिन्ह लिहायचं. समोरचीचं रेटिंग जास्त आहे म्हणून घाबरून बाराव्या चालीला बरोबरी मागणं हा डी४ वाल्यांचा जुना रोग आहे, कारण तोवर पटावर काहीच पेटलेलं नसतं. मागू नका. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर दावा करायचा तो असा: पुढची चाल शीटवर लिहा, खेळू नका, पंचांना बोलवा. आधी खेळून घड्याळ दाबलंत तर संधी गेली.

पालकांसाठी एवढंच, की डाव सुरू झाल्यावर बाहेर जा. दाराच्या काचेतून चेहऱ्यावरचे भाव दाखवू नका. डबा, पाणी, एखादी चिक्की बरोबर द्या, दोन फेऱ्यांमध्ये भूक लागतेच.

पायरी ८. डाव संपल्यावर

हात मिळवा, दोन्ही शीटवर निकाल आणि सह्या करा, नीट बघा की १–० आणि ०–१ उलटं लिहिलेलं नाही. सही केलेला चुकीचा निकाल नंतर बदलायला गेलात तर पंचांचा आणि तुमचा दोघांचा जीव जातो. मोहरी पहिल्या जागी लावा. मग समोरचीला विचारा, बाहेर बसून डाव बघूया का. बऱ्याच जणी हो म्हणतात, आणि तुम्हाला न दिसलेलं बरंच त्यातून कळतं. हॉलमध्ये मात्र हे करू नका, शेजारच्या पटावर डाव चालू असतो.

रात्री कॉम्प्युटर लावण्याआधी शीटवर तीन गोष्टी पेन्सिलनं लिहा: कितव्या चालीला आपल्याला माहीत असलेल्या चाली संपल्या, सी आणि डी पट्ट्यावरच्या प्याद्यांची पहिली अदलाबदल कुणी केली, आणि सगळ्यात जास्त वेळ कुठल्या चालीला गेला. मग दिव्या–हम्पीचा डाव शोधून त्याच तीन प्रश्नांनी बघा, खऱ्या पटावर मांडून. हम्पीनं सी४ खाल्ल्यावर दिव्यानं ते कसं आणि कधी परत मिळवायला घेतलं, तिथेच थांबा आणि आधी स्वतः चाल सुचवा. इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचा आकडा झाकून ठेवा.

आणि पुढच्या फेरीत बहुतेक काळी मोहरी येतील. समोरचीनंही डी४ खेळलं तर नवीन काही शोधायला जाऊ नका: डी५, ई६, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, घोडा डी७ आणि सी६. तिला बी४ करू द्यायच्या आधी ए५ करा आणि तुमचा घोडा ई४ वर नेऊन बसवा.